बाळाचा पगार

भाजणीचा डबा छातीशी घट्ट धरून वैष्णवी ज्या दारात शिरली, ते दार कुणाचं आहे हे तिने पाहिलंच नव्हतं. पाहायला वेळ तरी कुठे होता! गिरणीतून बाहेर पडून चार पावलं गेली नाही तोच वाऱ्याने छत्री उलटी केली, आणि पाऊस असा आडवा यायला लागला की डोकं वाचवावं की भाजणी, हाच प्रश्न. वैष्णवीने भाजणी वाचवली.

"या, या, बसा," आतून आवाज आला. "फॉर्म सोळा आणलाय?"

"नाही," वैष्णवी म्हणाली. "भाजणी आणलीय."

टेबलामागच्या माणसाने मान वर केली. समोर कागदांचे गठ्ठे, गठ्ठ्यांवर गठ्ठे उडू नयेत म्हणून ठेवलेले दगड, आणि त्या सगळ्यांच्या मधोमध दोन लालसर, जागरणाने शिणलेले, पण हसरे डोळे. त्याने आधी तिच्याकडे पाहिलं, मग डब्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे... आणि तो असा काही खळखळून हसला की तिलाही हसू आवरेना.

"माफ करा हं. जुलै संपत आला की माझ्या दारात येणारा प्रत्येक माणूस मला विवरणपत्रासारखा दिसायला लागतो. मी शुभंकर शिवलकर. करसल्लागार. बाहेर पाटी आहे."

"पाटी पावसात दिसली नाही. पण तुम्ही आम्हाला कसे दिसता, ते सांगू?"

"कसा?"

"दाढी न केलेले."

त्याचा हात आपोआप हनुवटीवर गेला. आता, मारुती आळीतल्या एका अनोळखी माणसाला असं बोलायची वैष्णवी नागवेकरला काहीच गरज नव्हती. ती हायस्कुलात गणित शिकवत होती, गावात तिला लोक ओळखत होते, आणि पाच वर्षांपूर्वी नवरा गेल्यापासून ती बोलायचीही मोजकंच. पण पावसात अडकलेल्या माणसाची जीभ कधी कधी सैल सुटते. तिची सुटली खरी.

पाऊस थांबायचं नाव घेईना. त्याने थर्मासमधला चहा झाकणात ओतून तिच्यापुढे सरकवला. स्वतः दगडाखालचा एक कागद काढून वाचायचं सोंग केलं, आणि मग राहवलं नाही म्हणून विचारलंच, "तुमचं विवरणपत्र भरून झालं?"

"माझं मीच भरते. सरल फॉर्म. एक पान तर असतं. पगार लिहायचा, वजावट लिहायची, की संपलं."

"छान! गिऱ्हाईक गेलं हातचं," तो म्हणाला. "पगाराशिवाय दुसरं काही नाही ना? घरभाडं, व्याज, पेन्शन..."

"पेन्शन येतं. पण ते माझं नाही."

"मग कुणाचं?"

"सासूबाईंच्या मुलाचं."

शुभंकरच्या कपाळावर आठी पडली. "म्हणजे... तुमच्या यजमानांचं? ते—"

"नाहीत," वैष्णवी म्हणाली.

त्याने हातातला कागद पुन्हा दगडाखाली सरकवला. अरेरे म्हणाला नाही, वाईट झालं म्हणाला नाही, की ते ठेवणीतलं केविलवाणं तोंडही केलं नाही. तिला ते फार बरं वाटलं. पाच वर्षांत तिने अशी तोंडं पोत्याने पाहिली होती.

"खातं कुणाच्या नावावर आहे?" थोड्या वेळाने त्याने हळूच विचारलं.

"माझ्या."

"मग ते उत्पन्न तुमचं. तुमच्या विवरणपत्रात यायला हवं. आजवर लिहिलंच नाही?"

"आमच्या घरी त्याला 'बाळाचा पगार' म्हणतात. दुसऱ्याचा पगार मी माझ्या फॉर्मात कशाला लिहू?"

"पगार तर ते मुळीच नाही." तो टेबलावर पुढे झुकला, आणि इथे त्याच्या डोळ्यांतली झोप पार उडाली. "ज्याने स्वतः नोकरी केली, त्याचं पेन्शन कायद्यात पगार म्हणूनच धरतात. पण त्याच्या माघारी घरच्यांना मिळतं ते कुटुंब निवृत्तिवेतन. ते 'इतर उत्पन्न'. त्यातला तिसरा हिस्सा किंवा पंधरा हजार, जे कमी असेल ते वजा होतं, आणि बाकीचं तुमच्या पगारात मिळवायचं. थोडा कर बसेल, मागचं थोडं व्याज बसेल. पण आपण होऊन भरलेलं बरं. उद्या नोटीस आली तर शिक्षिकेच्या नावावर येईल, बाळाच्या नाही."

वैष्णवीला राग आला. खरं तर राग आला असं तिला वाटलं. गणिताच्या बाईंना गणितात चूक दाखवलेली कशी चालेल? पण पाऊस उघडल्यावर ती घरी निघाली तेव्हा वाटभर तिच्या डोळ्यांपुढे येत होता तो एक हनुवटीवर गेलेला हात.

घर रत्नागिरीतल्या मांडवीला. घरात माणसं दोन, वैष्णवी आणि तिची सासू यमुनाबाई. यमुनाबाई मूळच्या पूर्णगडच्या, दर्यावर्दी घराण्यातल्या. जीभ फणसाच्या सालीसारखी आणि आत गरे. नवरा होडीवर असायचा, तो लवकर गेला. एकुलता एक बाळा शिकला, पाटबंधारे खात्यात कारकून झाला. त्याचा पहिला पगार आला त्या दिवशी यमुनाबाईंनी अख्ख्या वाडीत पेढे वाटले होते. लग्न होऊन दोनच वर्षं झाली, आणि कावीळ त्याला घेऊन गेली.

पण पगार थांबला नाही! दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात यमुनाबाई ठेवणीतलं लुगडं नेसायच्या, अंबाड्यात फूल माळायच्या आणि सुनेला घेऊन बँकेत जायच्या. सही वैष्णवीची. पैसे मात्र यमुनाबाईंच्या हातात. घरी आल्या की ते देवापुढे ठेवायच्या, हात जोडायच्या, आणि मग घरखर्चाचे म्हणून सुनेला काढून द्यायच्या. "घे गो. बाळाचा पगार झाला." पासबुक देव्हाऱ्यात, गणपतीच्या मागे. वैष्णवीने कधी हरकत घेतली नाही. म्हातारीला त्यात सुख होतं, आणि सुखाला कुणी हिशेब विचारतं का?

आता विचारायची पाळी आली होती. वर्षभराचे आकडे हवे तर पासबुक हवं, आणि पासबुकाला हात लावायचा तर यमुनाबाईंना सांगायला हवं. वैष्णवीने दोनदा विषय काढला, दोनदा गिळला. शेवटी ती पुन्हा मारुती आळीत गेली, तेव्हा शुभंकर म्हणाला, "मी येऊन समजावतो. म्हाताऱ्या माणसांशी माझं चांगलं जमतं." हे तो मोठ्या विश्वासाने म्हणाला. बिचारा!

रविवारी दुपारी तो आला. दाढी केलेली. वैष्णवीने ते पाहिलं, आणि तिने पाहिलं हे त्याने पाहिलं.

"कोन गो हा?" यमुनाबाईंनी विचारलं.

"कराचं काम बघतात, आई. वेळणेश्वरचे आहेत."

वेळणेश्वर म्हटल्यावर यमुनाबाई खुलल्या. तिथल्या महादेवाला त्या दोनदा जाऊन आल्या होत्या. त्यांनी लगेच पाट मांडला. पावसाळ्यात ताजं म्हावरं कुठलं, पण कुळथाची पिठी, भात आणि भाजलेला सुका बांगडा पानात आला. शुभंकरने दोनदा पिठी मागून घेतली, आणि सगळं कसं अगदी सुरळीत चाललं होतं. मग त्याने तोंड उघडलं.

"काकी, तुम्ही त्याला पगार म्हणता, पण सरकारच्या लेखी तो पगार नाही. ते इतर उत्पन्न आहे."

यमुनाबाईंच्या हातातला भाताचा डाव तसाच राहिला. "काय बोललंस?"

"इतर, काकी. म्हणजे—"

"माझ्या पोराचा पगार इतर? मेल्या, तू इतर! तुझा बाप इतर! पाटबंधाऱ्यात टेबलखुर्ची व्हती माझ्या बाळाला!"

"आई—" वैष्णवी मध्ये पडली.

"तू गप ऱ्हा गो! खुशाल घरात घेऊन येतंस आनि माझ्या बाळाला इतर करतंस?"

शुभंकर पाटावरून उठू लागला, तशा त्या आणखी भडकल्या. "बस! पानावरनं उठू नको. पोटभर जेव, आनि मग परत या घरात येऊ नको." आणि त्याच्या पानात त्यांनी बांगड्याचा आणखी एक तुकडा वाढला.

जेवण झाल्यावर त्याने आपलं ताट स्वतः मोरीत नेऊन घासलं. यमुनाबाई ते खांबाआडून बघत होत्या. मग देव्हाऱ्याकडे गेल्या, पासबुक काढलं आणि त्याच्या पुढ्यात आपटलं. "लिव काय लिवायचं ते, आनि टळ इथनं."

वैष्णवी आकडे वाचत गेली, तो लिहीत गेला. कागद एकच, उजेड थोडका, म्हणून दोघांची डोकी जवळ आलेली. त्याच्या केसांना खोबरेल तेलाचा वास येत होता. एक आकडा तिने चुकीचा वाचला... गणिताच्या बाईंनी! त्याने न बोलता तो दुरुस्त केला.

अंगणाच्या कडेला, पेळेपर्यंत ती त्याला सोडायला आली. "रागावू नका हं. त्या मनाने—"

"मी कशाला रागावू? पिठी फक्कड होती. परत येऊ नको म्हणाल्या, त्याचं तेवढं वाईट वाटलं."

"पिठीसाठी?"

"पिठीसाठी. आणि—"

"आणि?"

"आणि... सुक्या बांगड्यासाठी."

वैष्णवी हसली. मोठ्याने, दात दिसतील इतकी. आपल्याच हसण्याने ती दचकली आणि मागे घराकडे पाहिलं. खिडकीत यमुनाबाई उभ्या होत्या.

विवरणपत्र मुदतीत गेलं. पगार पगाराच्या जागी, पेन्शन इतर उत्पन्नात, वजावट वजा. मागची राहिलेली वर्षंही त्याने जमेल तशी दुरुस्त करून दिली, आणि वैष्णवीने व्याजासकट कर भरून टाकला. खरं म्हणजे काम संपलं. पण ऑगस्टमध्ये त्याचा निरोप आला, एक सही राहिलीय. ती गेली, सही केली. मग पोचपावतीची प्रत न्यायची राहिलीय. ती गेली, प्रत घेतली. मग चलनाचा अर्धा भाग राहिलाय...

"शिवलकर," ती म्हणाली, "आणखी काय काय राहिलंय, एकदाच सांगून टाका."

"एकदाच सांगितलं तर तुम्ही परत कशाला याल?"

तिने छत्रीची उगाच उघडझाप केली. बाहेर पाऊस नव्हता.

पुढे निरोपांचीही गरज उरली नाही. शाळा सुटल्यावर मांडवीच्या जेटीवर तिला वारा खायला जायची सवय होती, आणि त्यालाही, म्हणे, डॉक्टरांनी समुद्राची हवा सांगितली होती. कुठल्या डॉक्टरांनी, हे तिने विचारलं नाही. तो आपल्या आईवडिलांबद्दल सांगायचा, वेळणेश्वरला थोरल्या भावाजवळ राहणाऱ्या. आपल्या भाड्याच्या खोलीतल्या ढेकणांबद्दल सांगायचा. ती बाळाबद्दल सांगायची. बाळा चांगला होता, बेसूर गायचा, तिला 'मास्तरीण' म्हणायचा. शुभंकर ऐकायचा, आणि कधी मध्येच विचारायचा, "मग पुढे काय झालं?" बाळाबद्दल असं कुणी विचारलंच नव्हतं. ती सांगत गेली, आणि सांगता सांगता तिच्या लक्षात आलं की आपण सुखात आहोत. आधी तिला त्याची भीती वाटली. मग वाटेनाशी झाली.

घरात मात्र काहीतरी बिनसलं होतं. विवरणपत्राची प्रत तिने पासबुकाशेजारी ठेवली होती. एके दुपारी यमुनाबाईंनी ती काढून तिच्या हातात दिली. "वाच."

वैष्णवीने वाचलं.

"वरती नाव कोनाचं?"

"माझं."

"बाळाचं खंय हाय?"

"त्यांचं नाव यात नसतं, आई."

"कर कोनी भरला?"

"मी भरला."

"तुझ्या शाळंच्या पगारातून?"

"हो."

यमुनाबाईंनी कागदावरच्या नावावर बोट ठेवलं. "म्हंजे पैसं तुझं," त्या म्हणाल्या. "पाच वर्सं मी तुझंच पैसं तुला देत व्हते, आनि वर सांगत व्हते, घे, माझ्या पोराचं हायत."

"असं काय बोलता? तुमचं माझं वेगळं आहे का?"

त्यांनी तो कागद घडी करून पुन्हा देव्हाऱ्यात ठेवला. पुढच्या महिन्यात बँकेतून आल्यावर त्यांनी पैसे देवापुढे ठेवले नाहीत. सरळ सुनेच्या हातात दिले, आणि मग संकोचून म्हणाल्या, "मला तंबाखूला दे थोडं." आपण आणि आपल्या त्या करवाल्याने म्हातारीचं सुख हिरावून घेतलं, असं वैष्णवीला वाटलं, आणि आठवडाभर ती जेटीवर फिरकली नाही.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी तिला कळलं की आपल्याला जेटीची नव्हे, माणसाची सवय झाली आहे. आणि ही भानगड साधी नाही, हेही कळलं.

ऑक्टोबरच्या उन्हाने जेटीचे दगड तापलेले असायचे. आठवड्याने ती दिसली तेव्हा शुभंकर उठून उभाच राहिला. डोळ्यांत काळजी, आणि काळजीच्या वर आनंद.

"एक विचारू?" तो म्हणाला. "कराबद्दल नाही."

"मग उत्तर लगेच मिळेल असं नाही."

"चालेल." तो थांबला. समुद्राकडे पाहिलं, चपलेकडे पाहिलं. "माझ्याशी लग्न करशील, वैष्णवी?"

पहिल्यांदाच तो तिला एकेरी म्हणाला, आणि तिला ते इतकं गोड लागलं की तिचे डोळेच भरले. "नाही रे," ती म्हणाली. तीही एकेरीवर आली होती, दोघांच्याही ते ध्यानात आलं नाही. "लग्न केलं की पेन्शन बंद होतं. तुला माहीत असेलच."

"माहीत आहे."

"पैशाचं नाही. माझ्या पगारात आम्ही दोघी खाऊन उरेल. पण ते आलं की आईंना वाटतं, बाळा अजून कुठेतरी नोकरीवर आहे. फिरतीवर गेलाय, पगार पाठवतोय. ते बंद झालं तर त्यांचा मुलगा दुसऱ्यांदा जाईल. आणि या खेपेला मी नेलेला असेल. मला ते जमायचं नाही."

"हा नियम मीच तुला कलमासकट सांगितला असता," तो म्हणाला.

"मग विचारलंस कशाला?"

"नियम माहीत असूनही विचारावंसं वाटलं, म्हणून."

ती रडत रडत हसली. त्याने हात पुढे केला नाही, पण रुमाल पुढे केला. धुतलेला, घडीचा, मुद्दाम आणलेला असावा असा.

"मी कुठे जात नाही," तो म्हणाला. "तू नाही म्हणालीस, ते ऐकलं. पण मी रत्नागिरीतच आहे. हवा बरी आहे इथली."

त्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा यमुनाबाईंनी तिचे सुजलेले डोळे पाहिले, हातातला पुरुषी रुमाल पाहिला. "मीठ संपलंय," एवढंच म्हणाल्या आणि पाठ फिरवली.

नोव्हेंबर आला. पेन्शनवाल्यांनी नोव्हेंबरात बँकेत जाऊन आपण जिवंत असल्याची सही करायची असते, आणि विधवांनी आणखी एक, पुन्हा लग्न केलं नसल्याची. दर वर्षी वैष्णवी दोन्ही सह्या डोळे मिटून करायची. या वर्षी दुसऱ्या कागदाशी पेन अडलं. यात खोटं काही नव्हतं. पण आयुष्यभर दर नोव्हेंबरात आपण ही सही करत राहणार, आणि जेटीवर कुणीतरी म्हातारा होत जाणार, हे तिला एकदम लख्ख दिसलं. ती पेन टेकवणार, एवढ्यात यमुनाबाईंनी तिचा हात धरला.

"थांब. ही सही नको."

खिडकीपलीकडचे महिपतभाऊ चष्म्यावरून बघू लागले. ते दर वर्षी या सासूसुनांना बघत आले होते. "का हो आजी? लग्न केलंय का हिनं?"

"नाय केलं."

"मग सही खरीच की. करू दे."

"आनि पुढं केलं म्हंजे?"

"केलं की एक अर्ज द्यायचा, अमुक तारखेला लग्न झालं म्हणून. मग पेन्शन बंद होतं."

"एवढंच? एकच अर्ज?"

"एकच."

"मंग कर गो आजची सही," यमुनाबाई म्हणाल्या. "आज खरी हाय ती. त्या अर्जाचं मी बघते."

वैष्णवीने सही कशी केली, तिचं तिला कळलं नाही. बँकेच्या पायऱ्यांवर आल्यावर तिने सासूचा हात धरला. "आई, तुम्हाला कुणी काय सांगितलं?"

"कोन कशाला सांगंल? डोळं हायत मला. त्या दिवशी अंगणात हसलंस ना, ते ऐकलं मी. बाळा जाताना तू चोवीसाची व्हतीस. त्यानंतर हसलंस ते त्याच दिवशी." त्या पायरीवर टेकल्या आणि पदराने तोंड पुसलं. "माझा बाळा गेला, हे मला कोनी सांगितलंच नाय गो. सांगितलं सगळ्यांनी, पन दर म्हयन्याला पगार येत व्हता. मी म्हनायची, येडी मानसं! मेलेल्याला कधी पगार मिळतो? मग त्या मेल्यानं येऊन सांगितलं, हा पगार न्हवे. लय राग आला मला. पन वाचलंस ना तू तो कागद... त्यात माझा बाळा नव्हता. तू व्हतीस. पाच वर्सं तूच व्हतीस." वैष्णवी त्यांच्याशेजारी बसली आणि दोघी भर रस्त्यात, बँकेच्या पायरीवर, एकमेकींना धरून रडल्या. येणारेजाणारे बघत होते. बघेनात का.

रडून झाल्यावर यमुनाबाई उठल्या, लुगडं झटकलं आणि मारुती आळीच्या दिशेने तरातरा चालू लागल्या. सून मागून जवळजवळ पळतच.

शुभंकर दोघींना एकदम दारात बघून ताडकन उठला. एक दगड खाली पडला, कागद उडाले.

"बस," यमुनाबाई म्हणाल्या. "पेन घे. अर्ज लिव. वैष्णवीचं लगीन झालं, पेन्शन बंद करा. तारीख मोकळी सोड."

त्याने पेन घेतलं. ते उलटं धरलंय हे त्याला दोन ओळींची जागा फुकट गेल्यावर कळलं. "काकी... लग्न कुणाशी म्हणून लिहू?"

"मला काय विचारतंस? हिला विचार. आनि एक ऐक. मी माझं घर सोडून कुठं जायची नाय. तू तिथं यायचंस ऱ्हायला. तुझ्या खोलीत ढेकूण हायत म्हनं."

"हे तुम्हाला—"

"सगळी आळी बोलते. तुझ्या आईबापाला बोलव येळणेश्वराहून. तुळशीचं लगीन उरकलं की बसू बोलायला." आणि त्या बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या, दाराकडे पाठ करून.

आत दोघंच. शुभंकरने वैष्णवीकडे पाहिलं. तिने त्याच्याकडे. आणि मघापासून रडून लाल झालेल्या तिच्या नाकाकडे बघत त्याने अगदी गंभीरपणे विचारलं, "तर बाई, लग्न कुणाशी?"

"शुभंकर शिवलकर. करसल्लागार," ती म्हणाली. "मला तो फार आवडतो. लिही."

"सरकारी अर्जात असं लिहीत नाहीत गं."

"मग कुठे लिहितात?"

"कुठेच नाही. नुसतं सांगतात."

"सांगितलं की! आता तू सांग."

त्याने पेन खाली ठेवलं आणि सांगितलं. अगदी हळू, तिला ऐकू येईल एवढंच. पण बाहेरच्या बाकावर यमुनाबाईंनी खुदकन हसून पदर तोंडाला लावला, त्या अर्थी त्यांनाही ते ऐकू गेलं असावं.